रेषा हाताची आणि हत्याराची

मराठीत चित्रकलेविषयी जे लेखन होते त्यात रेषेची स्तुती विपुल आढळते. परंतु ती रेषा कोणत्या हत्याराने, कोणत्या पृष्ठभागावर आणि कोणत्या प्रतिकाराशी झगडून उमटली, याची चौकशी क्वचितच केलेली दिसते. 'लयबद्ध', 'बोलकी', 'जोरकस', 'तरल' ही ठरावीक विशेषणे अजिंठ्याच्या भित्तिचित्राला, ड्यूररच्या ताम्रमुद्रेला आणि दिवाळी अंकातल्या शाईच्या रेखाटनाला सारख्याच उदारपणे बहाल केली जातात. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात आचार्यांची पसंती रेषेला असल्याचे सांगितले आहे, आणि हा दाखला आमच्या समीक्षकांना इतका सोयीचा वाटतो की तो दिला म्हणजे रेषेचा विषय निकालात निघाला, असे समजण्याचा शिरस्ताच पडून गेला आहे. वस्तुतः त्या आचार्यांच्या डोळ्यांसमोर कुंचला होता. सळई, सुई आणि चाकू यांच्या रेषेविषयी ते काय म्हणाले असते हे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

रेषेत हाताचा वाटा किती आणि हत्याराचा किती, हा प्रश्न तात्त्विक चर्चेने सुटणारा नाही. त्यासाठी पुरावा हवा. असा पुरावा कलेच्या इतिहासात एका विशिष्ट जागी सापडतो, आणि ती जागा म्हणजे एकाने एका हत्याराने काढलेली रेषा दुसऱ्याने निराळ्या हत्याराने पुन्हा काढली तो प्रसंग. अशा स्थलांतरात काय गळते आणि काय टिकते हे पाहिले की दोघांची वाटणी बरीचशी उघड होते. प्रस्तुत आढावा मुख्यतः अशा स्थलांतरांचा आहे.

त्यापूर्वी ठशांची मूळ तऱ्हा ध्यानात घेतली पाहिजे. लाकडी ठशात जी रेषा कागदावर काळी उमटते ती कोरणाऱ्याने काढलेली नसते, राखलेली असते. तिच्या दोन्ही अंगांचे लाकूड उकरून टाकले म्हणजे ती उंचवट्याच्या रूपाने मागे उरते आणि शाई तिच्या माथ्यावर बसते. ताम्रपटाची रीत नेमकी उलट. तेथे रेषा म्हणजे चर. शाई त्या चरात भरावयाची, पत्र्याचा पृष्ठभाग पुसून लख्ख करावयाचा, आणि ओलसर कागद पत्र्यावर ठेवून दोन्ही रुळांच्या दाबाखालून काढले की तो कागद चरात शिरून शाई उचलून घेतो. त्यामुळे चांगल्या ताम्रमुद्रेवर रेषा कागदाहून किंचित उंच असते. बोट फिरवून याची खात्री करून घेता येईल, परंतु तसे करू देणारा संग्रहालयाचा पहारेकरी अद्याप जन्मास यावयाचा आहे.

हा चर पाडणाऱ्या कोरणीला युरोपात ब्यूरिन म्हणतात. ती चौकोनी पोलादी सळई असून तिचे टोक तिरके घासलेले आणि मूठ तळहातात बसेल अशी गोल असते. लेखणी ओढावयाची असते, ब्यूरिन ढकलावयाची; नांगराच्या फाळाप्रमाणे ती तांब्यातून पुढे सरकते आणि तिच्या तोंडापुढे तांब्याची बारीक कुरळी साल निघत जाते. वळण घ्यावयाचे झाले की हात वळत नाही, कातड्याच्या उशीवर ठेवलेला पत्राच दुसऱ्या हाताने फिरवावा लागतो. जोर वाढला की चर खोल आणि रुंद होतो, जोर सोडला की निमुळता होऊन नाहीसा होतो. म्हणून ब्यूरिनची रेषा बारीक जन्मते, मध्ये भरते आणि पुन्हा बारीक होऊन संपते. हा धंदा मुळात सोनारांच्या आळीतून आलेला. न्यूरेंबर्गचा आल्ब्रेख्ट ड्यूरर हा सोनाराचाच मुलगा, आणि बापाच्या दुकानात त्याने पहिले धडे गिरवलेले. १५१३ सालच्या त्याच्या 'योद्धा, मृत्यू आणि सैतान' या ताम्रमुद्रेत घोड्याच्या पुठ्ठ्यावरील रेषा स्नायूंच्या गोलाईला वळसा घालीत अशा जातात की छाया आणि घडण ही दोन्ही कामे एकच रेषा करीत असल्याचे दिसून येते. काळ्या शाईत राखाडी रंग नसतो. राखाडीचा भास हवा असेल तर काळ्या रेषांमधले पांढरे अंतर कमीजास्त करणे एवढाच उपाय असतो. ताम्रमुद्रेची सगळी विद्या या एका अडचणीतून निर्माण झाली.

आता स्थलांतराचा पहिला दाखला. हार्लेमचा हेन्ड्रिक गोल्टझियस याचा उजवा हात लहानपणी आगीत भाजून कायमचा वाकडा झाला होता, बोटे पुरती उघडत नसत. आणि तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, खांद्याच्या बळाने ब्यूरिन ढकलण्यात त्याच्या तोडीचा कारागीर त्या काळी युरोपात दुसरा नव्हता. १५८८ साली त्याने आपल्या याच हाताचे चित्र काढले. हार्लेमच्या टेलर संग्रहालयात ते आज जतन केलेले आहे. आखडलेली बोटे, मनगटाची कातडी, नखांची चकाकी, सगळे त्यात फुगत्या आणि निमुळत्या होणाऱ्या समांतर रेषांनी आणि त्यांच्यावरून तिरप्या गेलेल्या दुसऱ्या रेषांच्या जाळीने घडवले आहे. पाहणारा ते ताम्रमुद्रा म्हणूनच पाहतो. परंतु ते आहे लेखणीने काढलेले शाईचे चित्र. लेखणीला फुगवट्याची सक्ती नव्हती. तांब्याने त्या हाताला जी सवय लावली होती ती कागदावर, तांबे नसतानाही, सुटली नाही. किंबहुना गोल्टझियसने ती सवय मुद्दाम मिरवली. हाताचे म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो त्यात हत्याराची शिकवण किती खोल मुरलेली असते, याचा याहून नेमका पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

तांब्याच्या या हुकमतीपुढे एचिंगसारखी मोकळी रीतही प्रारंभी नमली. एचिंगमध्ये पत्र्यावर मेणाचा लेप देऊन त्यावर सुईने ओरखडावयाचे आणि चर पाडण्याचे काम अम्लाकडे सोपवावयाचे असते. हाताला प्रतिकार जवळजवळ नाहीच. एवढे स्वातंत्र्य मिळूनही लोरेनच्या जाक कालोने मऊ मेणाऐवजी कठीण रोगण वापरले आणि तिरकस कापलेल्या टोकाची सुई फिरवून तीच ब्यूरिनची फुगती रेषा साधण्याची तजवीज केली, आणि १६४५ सालच्या आपल्या ग्रंथात आब्राम बोसने ही नक्कल कशी करावी याचे रीतसर धडे दिले. कालोच्या १६३३ सालच्या 'युद्धाच्या आपत्ती' या १८ लहानशा चित्रांत, झाडाला लटकलेल्या माणसांच्या ओळीच्या ओळी दाखवतानाही, ही रेषा अत्यंत टापटिपीची राहते. त्या टापटिपीमुळेच ती दृश्ये अधिक भयंकर वाटतात, असे मला वाटते.

त्याच शतकात क्लोद मेलाँ या फ्रेंच कोरणाऱ्याने १६४९ साली संत व्हेरोनिकेच्या रुमालावरील ख्रिस्ताचे मुख एकाच अखंड रेषेने कोरले. रेषा नाकाच्या शेंड्यापासून निघते आणि वर्तुळाकार फिरत फिरत सबंध पत्रा व्यापते. तिची जाडी कमीजास्त होते आणि तेवढ्याच आधारावर डोळे, केस, काट्यांचा मुकुट आणि रक्ताचे ओघळ उमटतात. कौशल्य म्हणून याला तोड नाही. परंतु चित्र म्हणून ते पाहताना मन मुखाकडून रेषेकडे आणि रेषेकडून करामतीकडे घसरत जाते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मुद्राचित्रांचा विभाग सांभाळलेले विल्यम आयव्हिन्स यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात अशा व्यवस्थित जाळीवर कडक टीका केली आहे: या जाळीत सापडून सगळी चित्रे, मग ती राफाएलची असोत वा रूबेन्सची, एकाच वळणाची दिसू लागली आणि मुळाचा स्वभाव हरवला, असे त्यांच्या म्हणण्याचे सार आहे. नकला करणाऱ्या कारखान्यांपुरते हे म्हणणे रास्त आहे. गोल्टझियसच्या हाताला मात्र तो न्याय लावता येणार नाही, कारण तेथे जाळी हाच विषय आहे.

मुद्रित रेषेच्या अंगी आणखी एक गुण असतो. ती दस्तऐवजासारखी वाटते, आणि तिच्यावर शंका घेण्याचे लोकांना सुचत नाही. याचा सर्वांत गमतीचा दाखला आमच्या किनाऱ्याशी निगडित आहे. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा याने अल्बुकर्कला नजर केलेला एक गेंडा १५१५ च्या आरंभी गोव्याहून जहाजात चढवून लिस्बनला धाडण्यात आला. पुढे पोपकडे नेताना जहाज फुटून तो बुडाला. न्यूरेंबर्गला बसलेल्या ड्यूररने तो कधी पाहिला नाही. कोणाचे तरी पत्र आणि एक कच्चे रेखाटन यांच्या आधारे त्याने प्रथम लेखणीने चित्र काढले आणि त्याच साली त्याचा लाकडी ठसा छापला. ठशात कातडीच्या घड्या चिलखताच्या पत्र्यांसारख्या झाल्या, पायांवर खवले आले, आणि मानेमागे नसलेले एक पिळदार शिंगही तसेच राहिले. लेखणीच्या चित्रात जे चाचपडत सांगितले होते ते चाकूने ठाम करून टाकले. दोन शतकांहून अधिक काळ युरोपातले विद्वान याच गेंड्याला गेंडा समजत राहिले, आणि गोव्याच्या धक्क्यावर ज्यांनी खरा प्राणी पाहिला होता त्यांना कोणी विचारले नाही.

गोव्यामार्गेच पुढे उलट प्रवासही झाला. १५८० साली गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी अँटवर्पला छापलेले बहुभाषी बायबल अकबरास भेट दिले, आणि अशा ग्रंथांबरोबर व सुट्या कागदांतून युरोपातली ताम्रमुद्रा मोगल चित्रकारांच्या हाती पडली. या चित्रकारांच्या कारखान्यात रेषेला स्वतंत्र हुद्दाच होता: अकबरनाम्याच्या पानांखाली कारकुनाने केलेल्या नोंदींत 'तरह', म्हणजे आराखड्याची रेषा, एका उस्तादाच्या नावावर आणि 'अमल', म्हणजे रंगकाम, दुसऱ्याच्या नावावर लिहिलेले सापडते. बसावनसारखा उस्ताद रेषा आखून देई आणि रंग भरणे कनिष्ठाकडे जाई. अशा वातावरणात वाढलेल्या अबुल हसनने वयाच्या तेराव्या वर्षी, हिजरी १००९ मध्ये, ड्यूररच्या १५११ सालच्या क्रुसारोहणाच्या ताम्रमुद्रेतला संत जॉन तेवढा उचलून कुंचल्याने उतरवला. हा कागद ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. ड्यूररच्या जॉनच्या अंगावरचे वस्त्र जाळीदार चरांनी घडलेले. मुलाच्या कुंचल्यात ते चर विरघळून मऊ छाया झाले आहेत, परंतु घड्यांच्या कडा, एकमेकांत गुंतवलेल्या हातांचा पीळ आणि वर उचललेल्या चेहऱ्याची व्यथा जशीच्या तशी आली आहे. ब्यूरिनचे जे होते ते येथे गळले, ड्यूररच्या नजरेचे जे होते ते टिकले. आणि ही निवड करणारा हात तेरा वर्षांचा होता.

सुमारे अर्धशतकाने याचीच परतफेड ॲम्स्टरडॅममध्ये झाली. रेम्ब्रांटने १६५६ ते १६६१ च्या सुमारास मोगल चित्रांवरून काढलेली वीसहून अधिक रेखाटने आज उपलब्ध आहेत, तीही बहुतांशी पूर्वेकडून आलेल्या महाग कागदावर. ज्याच्या बोरूने बायबलमधील माणसे दोनचार जाड फटकाऱ्यांत उभी केली, तोच येथे जपून, बारीक, सलग रेषेने जामा, पटका आणि मोजडी यांची नोंद घेताना दिसतो. चार सुफी वृद्ध झाडाखाली बसले आहेत अशा एका मोगल चित्राची त्याने नक्कल केली, आणि १६५६ सालच्या आपल्या एचिंगमध्ये देवदूतांचा पाहुणचार करणारा अब्राहम त्याच बैठकीत, जमिनीवर, मांडी घातलेल्या पाहुण्यांसमवेत बसवला. मोगल रेषा मात्र त्या एचिंगमध्ये उतरली नाही. तेथे रेषा पुन्हा रेम्ब्रांटची, तुटक, घाईची, अंधारात हरवणारी. बैठक उचलता आली, रेषा उचलली ती कुंचल्याशी मिळतेजुळते घेणाऱ्या लेखणीपुरतीच.

रेम्ब्रांटचा खरा पराक्रम ड्रायपॉइंटमध्ये आहे. येथे लेप नाही, अम्ल नाही. पोलादी सुईने उघडे तांबे ओरखडावयाचे. सुई तांबे बाहेर काढीत नाही, ते चराच्या कडेला खरखरीत बांधासारखे उचलून ठेवते, आणि छापताना शाई त्या बांधातही अडकते, म्हणून रेषा मखमलीसारखी पसरट आणि काळीभोर उमटते. छापखान्याच्या दाबाने हा बांध लवकरच चेपला जातो. मोजक्याच प्रती चांगल्या निघतात. १६५३ सालच्या 'तीन क्रूस' या चित्राचा पत्रा असा झिजल्यावर रेम्ब्रांटने तो टाकून दिला नाही. कालांतराने त्याने अर्धीअधिक माणसे खरवडून पुसली, नव्या आकृती घातल्या, आणि वरपासून खालपर्यंत सरळ, निर्दय ओरखडे ओढून सबंध प्रसंगावर काळोखाचा पडदा पाडला. पहिल्या प्रतींत प्रकाश वरून शंकूसारखा उतरतो; शेवटच्या प्रतींत तो ओरखड्यांमधून कसाबसा झिरपतो. हत्याराची कमजोरी, म्हणजे बांध झिजणे, हीच येथे चित्राच्या आशयाचे कारण झाली. हाताने हत्याराला जिंकले असे म्हणण्याची प्रथा आहे. मला वाटते, येथे दोघांनी संगनमत केले.

जपानमध्ये हा सगळा प्रश्न निराळ्या पद्धतीने, कामाच्या वाटणीने, सोडवला गेला. चित्रकार पातळ कागदावर कुंचल्याने चित्र काढी. तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवून कोरणारा त्यातूनच चाकू चालवी, म्हणजे मूळ चित्र कोरण्यातच नष्ट होई. कुंचल्याच्या एका झटक्यात जी रेषा निघाली, तीच राखण्यासाठी चाकूला तिच्या दोन्ही कडांनी सावकाश जावे लागे. उतामारोच्या स्त्रियांच्या कपाळाशी केसांचे जे तंतू दिसतात ते कुंचल्याने नव्हे, कोरणाऱ्याने, लाकडात राखलेले आहेत. होकुसाई कुमारवयात स्वतः ठसे कोरण्याचे काम शिकला होता, म्हणून त्याला या मंडळींची नस ठाऊक होती. उतारवयात तो प्रकाशकाला पत्रे लिहून आपल्या पसंतीचाच कोरणारा मागे, आणि डोळे व नाके उतागावा घराण्याच्या वळणाची करू नयेत अशी फिर्यादही करी. कोरणाऱ्याने चुकून आपल्याच घराण्याचे नाक बसवले की रेषेची मालकी कोणाची, हा प्रश्न किती व्यावहारिक होतो, हे या पत्रांवरून कळते.

आमच्याकडे तांब्यावर रेघ ओढण्याची विद्या फार जुनी. राष्ट्रकूटांच्या, शिलाहारांच्या इनामपत्रांचे ताम्रपट कोरणाऱ्या कारागिरांना हत्याराचा सराव कमी नव्हता. त्या चरांत शाई भरून कागद दाबण्याचे प्रयोजनच कोणाला पडले नाही, कारण सनदेची प्रत वाढवावयाची नसते. पुढे पुराभिलेखांच्या अभ्यासकांनी या पटांना शाई लावून ठसे घेतले तेव्हा अक्षरे काळ्यात पांढरी उमटली. ताम्रपट आणि छपाई यांची आमच्या मुलखातली प्रत्यक्ष गाठ पडली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी. पुणे दरबारचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने आणि जेम्स वेल्स या चित्रकाराच्या देखरेखीखाली पुण्यात चित्रविद्येचे शिक्षण सुरू झाले; गंगाराम तांबटाने काढलेली वेरूळच्या लेण्यांची रेखाटने याच काळातली. जातीचा तांबट असलेल्या या हाताने कागदावर आखलेल्या स्तंभांच्या आणि कमानींच्या रेषा मोजून मापून टाकलेल्या दिसतात, आणि तरीही मूर्तींच्या अंगाला आपले देशी वळण सुटत नाही. १८०५ साली मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता ताम्रपटांवरून छापली गेली. मराठी मुद्रणाच्या इतिहासात तिची नोंद होते. मराठी रेषेच्या इतिहासात अजून झालेली नाही.

अजिंठ्याच्या रेषेचे स्थलांतर मात्र मोठ्या प्रमाणावर आणि एकाहून अधिक वेळा झाले. जॉन ग्रिफिथ्स यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात तैलरंगात नकला केल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ लंडनमध्ये लागलेल्या आगीत जळाल्या. १९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस प्रभृती बंगाली तरुणांनी पुन्हा नकला केल्या. यांतल्या पहिल्या खेपेस भिंतीवरील सगळी पडझड आणि छायाप्रकाश टिपण्याचा पाश्चात्त्य शिस्तीचा यत्न होता, दुसऱ्या खेपेस रेषा वेगळी काढून घेण्याचा. या दोहोंपैकी नंदलालांच्या हातात काय उरले हे १९३० साली दिसले, जेव्हा दांडीयात्रेच्या वेळी त्यांनी काठी टेकीत निघालेल्या गांधीजींची आकृती लिनोलियमवर कोरली: काळ्या पार्श्वभूमीवर थोड्या पांढऱ्या रेषा, काढलेल्या नव्हे, उकरून टाकलेल्या. अजिंठ्याचा कुंचला तेथे कोठेही दिसत नाही. शरीराचा तोल एका सलग कडेने सांगण्याची शिकवण मात्र दिसते.

यानंतरचा वृत्तान्त थोडक्यात उरकता येतो. रविवर्म्याच्या १८९४ साली घाटकोपरास निघालेल्या आणि नंतर मळवलीस हललेल्या शिळाप्रेसने देवादिकांना घरोघर पोहोचवले, पण दगडावरील ठिपक्यांच्या त्या कामात रेषेला जागाच उरली नव्हती. लोकांना ती नकोच होती असेही म्हणता येईल. दुष्काळाने पोळलेल्या बंगालमधून मुंबईस आलेल्या चित्तप्रसादांच्या लिनोकटमध्ये ती पुन्हा कठोर होऊन अवतरली. हेब्बरांनी नर्तकांची गती लेखणीच्या एका ओघात पकडली, आणि 'द सिंगिंग लाईन' या संग्रहातील ती चित्रे पाहताना 'लयबद्ध' हे विशेषण एकदाचे योग्य जागी पडल्यासारखे वाटते. पॅरिसमध्ये १९२७ साली हेटरने काढलेल्या 'आतलिए १७' या कार्यशाळेत ब्यूरिन पुन्हा हाती घेतली गेली, आणि तेथेच आपले कृष्णा रेड्डी एकाच पत्र्यावरून अनेक रंग छापण्याच्या पद्धतीपर्यंत पोहोचले. तेथे रेषा खोलीचे मोजमाप झाली. तो विषय निराळ्या लेखाचा आहे.

एवढ्यावरून माझा निष्कर्ष असा की रेषेच्या अंगावरचे वळण बव्हंशी हत्याराचे असते आणि तिची निवड, म्हणजे ती कोठे असावी व कोठे नसावी, हाताची. आणि आमच्या समीक्षेने पहिल्याचे श्रेय सतत दुसऱ्याला दिले आहे. आमच्या प्रदर्शनांच्या सूचींत मुद्राचित्रापुढे पुष्कळदा 'प्रिंट' एवढाच शब्द छापून भागवले जाते. तेथे लाकूड, लिनो, एचिंग की ड्रायपॉइंट, पत्रा कोणाच्या हातचा, छापणारा कोण आणि प्रत कितवी, एवढा मजकूर मराठीत छापला जावा, अशी प्रदर्शने भरवणाऱ्यांना विनंती आहे. आणि वाचकांनी अशा प्रदर्शनास जाताना एक साधे भिंग खिशात ठेवावे.